दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेताय? ब्रेक, टायर, बेल्ट आधी बघा, म्युझिक सिस्टीम नंतर

बजेट दोन-तीन लाख, घरात पहिलीच गाडी, आणि डोक्यात २०१२ ते २०१६ मधली एखादी स्विफ्ट, वॅगनआर, आय१० नाहीतर ऑल्टो. असे लोक आजूबाजूला भरपूर आहेत आणि सगळे गाडी बघायला गेले की तेच चार प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते, किलोमीटर किती झालेत, फर्स्ट ओनर का, एसी थंड करतो का. टायर कोणत्या सालचे, मागचे सीट बेल्ट लॉक होतात का, एअरबॅगचा दिवा पेटतो का, हे कोणी विचारत नाही, आणि विकणारा आपणहून सांगणार नाही, तो कशाला सांगेल.

माझं मत सरळ आहे. जुन्या गाडीत काही ना काही बिघडलेलं असणारच, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण बिघाड दोन जातीचे असतात. एक जे खिशाला लागतात (एसी, क्लच, पॉवर विंडो), आणि दुसरे जे माणसाला लागतात. पहिल्यासाठी भाव पाडायचा, दुसऱ्यासाठी वेळ पडली तर गाडी सोडायची. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लिहिल्यात.

पायरी १: साल आणि व्हेरिएंट, घरी बसूनच

इथे नव्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो, की कंपनीची गाडी आहे म्हणजे एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी सिस्टीम) असणारच. नाही. आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ ला, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ ला, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या मॉडेलना लागू व्हायला २०२१ संपावं लागलं. त्याच्या आधीच्या गाडीत हे सगळं व्हेरिएंटवर अवलंबून, म्हणजे बेस मॉडेल घेतलं असेल तर स्टिअरिंगच्या मधल्या प्लॅस्टिकमागे फक्त हॉर्न असतो.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या क्रॅश टेस्ट करणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरला ठोकून बघितल्या होत्या, ऑल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो, सगळ्या विनाएअरबॅग. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य स्टार. त्याच पोलोला दोन एअरबॅग लावून परत टेस्ट केली तर चार स्टार. त्यामुळे एकाच सालच्या दोन गाड्यांमध्ये एक बेस आणि एक टॉप असेल, आणि टॉपवाली तीस-चाळीस हजाराने महाग असेल, तर मी डोळे झाकून टॉप घ्या म्हणेन. कारण टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, अलॉय हे सगळं बाहेर मार्केटमध्ये बसवून मिळतं, एअरबॅग आणि एबीएस नंतर बसवून मिळत नाही. मारुतीच्या काही मॉडेलमध्ये व्हेरिएंटच्या नावामागे 'ओ' असायचा, एलएक्सआय ओ वगैरे, म्हणजे एअरबॅगचं ऑप्शन घेतलेली गाडी. अशी सापडली तर सोडू नका.

दुसरं म्हणजे ब्रँड. शेव्हरोलेने इथे विक्री २०१७ च्या शेवटी बंद केली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. गाड्या वाईट नव्हत्या, फिगो-इकोस्पोर्टच्या स्टिअरिंगचं कौतुक करणारे अजून भेटतात, आणि म्हणूनच त्या स्वस्तात मिळतात. पण पहिली गाडी म्हणून नवख्या माणसाने असल्या गाडीच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. पुण्या-मुंबईत पार्ट मिळेल, हिंगोलीत बंद पडली तर काय करणार.

पायरी २: कागद, ते पण घरी बसूनच

विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर आणि आरसीचा फोटो मागवा, एमपरिवहन ॲपवर टाका. पासिंगची तारीख, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे सगळं दिसतं. ई-चलन वेगळं चेक करा. आरसीवर फक्त पेट्रोल आहे आणि डिकीत सीएनजीची टाकी आहे, असं दिसलं तर आधी ते निस्तरायला लावा.

डीएल (दिल्ली) किंवा एचआर (हरियाणा) पासिंगची डिझेल गाडी एकदम स्वस्तात दिसली तर उड्या मारू नका. दिल्ली आणि आसपासच्या भागात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवाद) आदेश २०१५ चा, सुप्रीम कोर्टाने तो २०१८ मध्ये उचलून धरला, तेव्हापासून तिकडचा माल इकडे येतोय. त्यातल्या बऱ्याच गाड्या चांगल्या असतात पण एनओसी निघालीय का, इथला रोड टॅक्स भरलाय का, एमएच नंबर पडलाय का, हे होईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत.

पासिंगला १५ वर्षं होत आली असतील तर फिटनेस करून आरसी रिन्यू करावी लागते, ती पुढे ५ वर्षं चालते, वर आपल्याकडे पर्यावरण कर. रिन्यूअलची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली, तेव्हा १४ वर्षांची गाडी "स्वस्त" दिसते तेव्हा हे पण धरा. शिवाय १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसलीय का तेही बघा.

पायरी ३: सकाळी जा, इंजिन गार असताना

फोनवरच सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात. गरम लागला तर समजा काहीतरी लपवायचंय, किंवा भाऊ सकाळी दूध आणायला गेला होता असं ऐकायला मिळेल. तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. पाऊस चालू असताना किंवा ओल्या गाडीचा सौदा करू नका, ओल्या पत्र्यावर पेंटमधला फरक कळत नाही.

इंजिनचं थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्या गॅरेजवाल्यांना येतं. गार इंजिनला ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, चहाच्या सायीसारखा पांढरट चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय, हेड गॅस्केटची (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) शंका. चालू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि कुलंट कमी होत असेल तर परत गॅस्केट. डिझेलला ॲक्सिलरेटर दाबल्यावर भपकन काळा धूर येत असेल तर इंजेक्टर, टर्बो नाहीतर नुसतं एअर फिल्टर, मिस्त्रीला विचारा. टायमिंग बेल्टवालं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन ताळमेळात ठेवायला रबरी पट्टा असलेलं इंजिन असेल (ऑल्टो ८०० चं जुनं ७९६ सीसी, डस्टरचं १.५ डिझेल) तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून चाला. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिन कामच निघतं, आणि ओव्हरटेक करताना तुटला तर इंजिन काम ही छोटी गोष्ट ठरते.

मीटरवर फार विश्वास ठेवू नका. ५५ हजार किलोमीटर दाखवतंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ड्रायव्हर सीट एका बाजूने बसलीय, तर मीटर मागे घेतलेलं आहे. ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला सर्व्हिस हिस्ट्री निघते, तिथे प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं.

पायरी ४: ठोकलेली आहे का, पाण्यात बसलेली आहे का

दरवाजा, बंपर, फेंडर रंगवलेला असेल तर ठीक आहे, आपल्या रस्त्यावर कोणाची गाडी घासत नाही. बघायचं असतं ते हाडांचं. बॉनेट उघडून दोन्ही बाजूचे एप्रन (फेंडरच्या आतले पत्रे) बघा, कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल ठसे एकसारख्या अंतरावर असतात, तिथे सीलंट बोटाने फासल्यासारखं किंवा रंग वेगळा दिसला तर पुढून जोरात बसलेली आहे. दरवाजाचं रबर ओढून पिलर बघा. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा बघा. बॉनेटच्या बोल्टवर पाना लागलेल्या खुणा आहेत का बघा. पिलर किंवा चेसिसला काम झालं असेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडा, परत ठोकली तर ती जागा पहिल्यांदा जाणार.

पाण्यातल्या गाडीचं जरा सविस्तर लिहितो. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगली बुडालं, जुलै २०२१ ला चिपळूण, आणि मुंबईत तर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गाड्या पाण्यात असतात. यातल्या खूप गाड्या इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस करून (म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून) लिलावात काढल्या, मग कोणीतरी घेऊन धुऊन पुसून सेंट मारून परत विकल्या. एमएच ०८, ०९, १० पासिंग दिसलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही आणि एमएच १२ आहे म्हणून निर्धास्त पण राहायचं नाही, लिलावातली गाडी कुठेही जाते.

बघायचं असं. ड्रायव्हरचा सीट बेल्ट हळूहळू ओढत शेवटपर्यंत बाहेर काढा, अगदी रीळ संपेपर्यंत. रोज वापरात येतो तेवढा भाग धुतलेला असतो, पण शेवटचा हात-दीड हात पट्टा कोणी धूत नाही, तिथे मातकट रेघ किंवा बुरशीचे ठिपके दिसतात. मग सीट पूर्ण मागे सरकवून खालच्या रेल्सचे बोल्ट बघा, दहा वर्षांत हलका गंज येतो पण पूर्ण तांबडा आणि खवले पडलेला गंज वेगळा. फुटमॅट नाही, त्याच्या खालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालच्या फोमला हात लावा आणि वास घ्या. फ्यूज बॉक्समध्ये हिरवट पांढरी पावडर, हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेघ, हे बाकीचे पुरावे. हे एवढं लिहायचं कारण, एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बहुतेक गाड्यांत मधोमध गिअरच्या आसपास फ्लोअरला बसवलेला असतो, म्हणजे पाणी सीटपर्यंत यायच्या आधीच तो बुडालेला असतो. इंजिन सुकवून चालू करता येतं. हा बॉक्स अपघाताच्या क्षणी चालेल का, ते कोणीच सांगू शकत नाही.

पायरी ५: एअरबॅग आणि बेल्ट

इग्निशन ऑन करा, इंजिन नाही, फक्त चावी ऑन. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदात विझला पाहिजे. पेटूनच राहिला तर सिस्टीममध्ये फॉल्ट आहे, हे सगळ्यांना कळतं. पण पेटलाच नाही तर ते जास्त वाईट, कारण मग कोणीतरी दिवा काढलाय किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलाय. एका ओळखीच्याने घेतलेल्या गाडीत तो दिवा ऑइलच्या दिव्याला जोडलेला निघाला, दोन्ही एकाच क्षणी विझायचे. आणखी एक प्रकार चालतो, एअरबॅग फुटून गेलेली असते, नवीन महाग, म्हणून आत रेझिस्टर लावून सिस्टीमला फसवतात आणि वरून नवं कव्हर. तेव्हा स्टिअरिंगचं मधलं पॅड आणि डॅशबोर्डचा डावा भाग यांचा रंग, पोत बाकीच्याशी जुळतो का बघा, आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडून स्कॅनर लावून एअरबॅगचे कोड वाचून घ्या, नुसते इंजिनचे नाही. एबीएसच्या दिव्यालाही हाच नियम.

होंडाची जुनी सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड, सीआर-व्ही बघत असाल तर टाकाटाचा रिकॉल माहीत पाहिजे. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट असायचं, ते वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन खराब होतं आणि एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटून तुकडे अंगावर येतात. जगभर यात माणसं गेली, कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मुंबई, कोकण, गोव्याची हवा म्हणजे नेमकी तीच, गरम आणि दमट. होंडाने भारतात यासाठी अनेक वेळा गाड्या परत बोलावल्यात आणि इन्फ्लेटर फुकट बदलून देतात. पण गाडी तीन हात फिरलेली असेल तर कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं. म्हणून चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून आपणच बघायचं.

बेल्ट पाचही तपासा, जोरात झटका देऊन. रीळवाला बेल्ट लॉक झालाच पाहिजे. मागचे बेल्ट सीट कव्हरखाली गाडलेले असतात, बकल सापडत नाही, कारण दहा वर्षांत कोणी लावलेलेच नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मर्सिडीजच्या मागच्या सीटवर, बेल्ट लावला नव्हता. मागच्या माणसाला बेल्ट नसेल तर तो पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो, पुढच्याने लावलेला असून उपयोग नाही. बकलमध्ये अडकवायची ती बाजारू क्लिप, बीप बंद करायची, दिसली की आधी फेकून द्या. आणि पुढे बुलगार्ड असेल तर काढायला लावा, डिसेंबर २०१७ पासून तसाही बेकायदेशीर ठरवलाय आणि एअरबॅगच्या सेन्सरला धडक नीट कळू देत नाही.

पायरी ६: टायर

विकायच्या आधी टायरला काळं पॉलिश मारणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त मेकअप. वरची नक्षी चांगली दिसते आणि माणूस म्हणतो टायर ७० टक्के आहेत. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी लंबगोलात चार आकडे, समजा २३१६, म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीत हा घोळ हमखास असतो, नक्षी आहे पण रबर म्हातारं. बाजूला बारीक तडे दिसतात, नखाने दाबलं तर कडक लागतं. सहा वर्षांवर गेलेले टायर असतील तर चारही बदलायचे पैसे किमतीतून वजा करा, वाद घालू नका. स्टेपनी पण बघा, ती बऱ्याचदा गाडीच्याच वयाची असते.

नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, तिथपर्यंत झिजला की १.६ मिलिमीटर उरलं, टायर संपला. एका कडेने जास्त झिजला असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचं काम आहे. रिमोल्ड टायर (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) कारला नको म्हणजे नको. आणि समृद्धीवर जायचं असेल तर विशेष लक्ष द्या, तिथे १२० ची परवानगी आहे, काँक्रीट तापलेलं असतं, आणि तासन् तास एकाच स्पीडला टायर गरम होत राहतो, गावात वर्षभर निमूट चाललेला जुना टायर तिथे दगा देतो. हवा सकाळी गार टायरमध्ये भरा, किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंक्चरवाल्याच्या मनावर सोडू नका, तो सगळ्यांना ३५ भरतो.

पायरी ७: ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन

उभ्या गाडीत आधी एक टेस्ट करा, फुकट आहे. इंजिन बंद, ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पाय किंचित खाली गेला पाहिजे, म्हणजे बूस्टर काम करतोय. नाही गेला तर व्हॅक्यूमचा पाइप किंवा बूस्टर गेलाय. मग इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा, हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर गळतोय किंवा कुठेतरी ऑइल लीक आहे. पेडल स्पंजसारखं लागलं तर लाइनमध्ये हवा.

चालवताना, मोकळ्या रस्त्यावर ४० ला जोरात ब्रेक मारा (मागे कोणी नाही बघून). गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर जॅम, स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी झालीय. हँडब्रेक चढावर तपासा. ब्रेक ऑइलचा विषय लोक पूर्ण विसरतात. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, पण मी बघितलेल्या निम्म्या जुन्या गाड्यांत ते काळ्या चहासारखं झालेलं होतं. गावात काही जाणवत नाही. खंबाटकी किंवा कसारा उतरताना ब्रेक सतत दाबून तापले की त्या ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून घाटात ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे काका तुमच्या गाडीत असतील तर त्यांना मागे बसवा, बेल्ट लावून.

स्टिअरिंग सोडून नाही, पण हलकं धरून सरळ रस्त्यावर बघा गाडी कुठे जाते. स्पीडब्रेकरवरून जाताना खट असा एकच आवाज येतो, तो बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा बुश, स्वस्त काम. पण खडखड येत असेल, आणि जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवलं की प्ले (ढिलेपणा) लागत असेल तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट बघा, तो सुटला की चाक आडवं होतं, हे एजंटच्या भाषेत "थोडं सस्पेन्शनचं काम" असतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टक टक आवाज म्हणजे एक्सलचा जॉइंट. ५० च्या पुढे घूं आवाज वाढत गेला तर बेअरिंग.

पायरी ८: आग, वास, धूर

जुन्या गाड्या पेटतात त्यात बाहेरून केलेल्या वायरिंगचा हात मोठा असतो. जास्तीचे फॉगलॅम्प, मोठा हॉर्न, ॲम्प्लिफायर, बॅटरीवरून थेट टेप गुंडाळून नेलेल्या वायर. फ्यूज बॉक्समध्ये फ्यूजच्या जागी तार किंवा सिगरेटची चांदी सापडली तर सगळं वायरिंग चेक केल्याशिवाय गाडी घेऊ नका. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पण बघा, पार्किंगला झाडं किंवा कचराकुंडी जवळ असेल तर हमखास.

पेट्रोलचा वास केबिनमध्ये येतो का? येत असेल तर आधी ते. सध्या पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या त्या हिशोबाने बनवलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं पडल्याची तक्रार सगळेच करतात, पण माझा सल्ला एवढाच, जुन्या गाडीचे रबरी फ्युएल पाइप, क्लिप आणि ओरिंग मिस्त्रीला एकदा बोट लावून तपासायला सांगा, भेगा असतील तर बदला, फार खर्च नाही.

सीएनजी असेल तर टाकीवरची प्लेट वाचा. दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (टाकीची पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते, तारीख उलटली असेल तर विकणाऱ्याने करून द्यावी. सर्टिफिकेट बघा आणि प्लेटवरचा टाकीचा नंबर जुळवून पण बघा.

आणि एक गोष्ट जी कोणी चेकलिस्टमध्ये लिहीत नाही. सायलेन्सरचा पाइप पुढच्या भागात गंजून फुटला असेल तर धूर गाडीखालून केबिनमध्ये शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एसी लावून, काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपणारी माणसं अशी जातात. गाडी लिफ्टवर घेतली की एक्झॉस्ट पूर्ण बघून घ्या आणि त्याच वेळी खालचा पत्रा पण, कोकणातली किंवा समुद्राजवळची गाडी असेल तर नक्कीच. अंडरकोटिंगचा ताजा काळा थर असेल तर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आत भुसा झालेला असतो कधी कधी.

पायरी ९: घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

किमतीच्या दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे त्या पैशाचे सीट कव्हर घेतात. आधी ब्रेक ऑइल, कुलंट, इंजिन ऑइल-फिल्टर, वायपर ब्लेड. मग ब्रेक पॅड-लाइनर उघडून बघणे, टायर, अलाइनमेंट. हेडलाइट पिवळे पडले असतील तर पॉलिश करून घ्या, रात्री फरक लगेच जाणवतो. उरले पैसे तर सीट कव्हर, पण सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर साधं कव्हर घालू नका.

पायरी १०: तक्रार करायची वेळ आली तर

कंपनीचाच दोष आहे असं वाटलं तर आधी चेसिस नंबर टाकून रिकॉल बघा. हे एअरबॅगपुरतंच नसतं, २०२० मध्ये मारुतीने फ्युएल पंपसाठी १ लाख ३४ हजारांवर वॅगनआर आणि बलेनो परत बोलावल्या होत्या. रिकॉलचं काम फुकट होतं, मालक कितवा आहे याने फरक पडत नाही, काउंटरवरच्याने "सेकंडहँडला नाही होणार" म्हटलं तर ते लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच विषय मिटतो.

रस्ते वाहतूक मंत्रालयाचं रिकॉल पोर्टल आहे, १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे मालक तिथे तक्रार टाकू शकतो, पण ते ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. त्यापुढच्या गाडीसाठी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, आणि दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तक्रार लिहायची पण एक पद्धत असते. "ब्रेक नीट लागत नाहीत" असं जॉबकार्डवर लिहिलं की ते "चेक करून ओके" लिहून गाडी परत देतात. असं लिहा: इंजिन गरम झाल्यावर, ३० च्या स्पीडला, पेडल दोनदा दाबल्यावर ब्रेक लागतो, पहिल्यांदा तळाला जातो, अमुक तारखेला आणि अमुक तारखेला झालं. सर्व्हिस ॲडव्हायझर स्वतःच्या शब्दात टाइप करत असेल तर थांबवून तुमचे शब्द टाकायला लावा आणि जॉबकार्डचा फोटो घ्या. गाडी परत देताना "आम्हाला प्रॉब्लेम दिसला नाही" म्हणाले तर टेक्निशियनला शेजारी बसवून तुम्ही चालवा.

विकणाऱ्या डीलरविरुद्ध तक्रार असेल तर मात्र सगळं कागदावर अडतं. "नॉन ॲक्सिडेंटल, नॉन फ्लडेड, मीटर ओरिजिनल" हे तोंडी कितीही वेळा सांगितलेलं काही कामाचं नाही, टोकन द्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

पायरी ११: नाव ट्रान्सफर

फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर २८. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. इन्शुरन्स पण १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. "सह्या करून देतो, नाव नंतर करा" याला विकणाऱ्यांनीही फसू नये, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडते.

चावी घेताना दोन्ही चाव्या घ्या, जॅक आणि पाना आहे का बघा, आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटर पण लिहा, कारण त्याच दिवशी सकाळी ११ ला कापलेलं चलन कोणी भरायचं यावरून नंतर फोनवर भांडणं होतात.